लिनियस : नावं देणारा आणि नावं ठेवणारा

कार्ल लिनियस १७०७ साली स्वीडनमधल्या एका खेड्यात जन्मला. वडील लूथरन पाद्री आणि बागेचे भारी वेडे. आडनावसुद्धा त्यांनी घरच्या जमिनीतल्या लिंडेनच्या झाडावरून घेतलं होतं. मुलगा डॉक्टर झाला, पण जीव झाडांतच.

त्याच्या आधी वनस्पतीचं नाव म्हणजे लॅटिनमधलं लांबलचक वर्णनच असायचं. १७५३ साली त्याने प्रत्येक जातीला दोन शब्दांत बसवलं. आंब्याचं मॅन्जिफेरा इंडिका हे नाव तेव्हाचंच. मलबारच्या झाडांसाठी त्याने ‘हॉर्टस मलबारिकस’ वापरला. या ग्रंथामागे इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यासोबत रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांचं कोंकणी निवेदन त्यात नागरी लिपीत छापलंय. मला याचं फार अप्रूप वाटतं.

वनस्पतींचे वर्ग मात्र त्याने मुख्यतः फुलांतले पुंकेसर बघून, मोजून पाडले. एकूण २४. शिकायला सोपं, पण त्यात एरंड आणि पाइन एकाच वर्गात आले! ही नुसती सोय आहे, खरं नातं नाही, हे त्यालाही कळत होतं. नैसर्गिक गटांची एक अर्धवट यादी तो वेगळी करत राहिला.

प्राण्यांत त्याची नजर जास्त खोल गेली. १७३५ मध्ये त्याने माशांत टाकलेला देवमासा १७५८ मध्ये सस्तन प्राण्यांत आला. आणि माणूस? तो पहिल्यापासून माकडांच्या गटात. जाती देवानेच घडवल्या असं मानणारा हा माणूस. पण शरीरात वेगळा गट करण्याइतका फरक सापडेना, तर त्याने तो केला नाही. याला धाडस लागतं, असं मी म्हणेन.

पण त्याच १७५८ च्या पुस्तकात त्याने माणसांचे रंगावरून चार प्रकार केले, त्यांना स्वभाव चिकटवले आणि आशियाई माणसाला लोभी ठरवलं. स्वतः युरोपबाहेर कधी गेला नव्हता. इथे त्याने नावं दिली नाहीत, नावं ठेवली. त्याचं हे पान पुढे बऱ्याच जणांना सोयीचं झालं.

१७७८ मध्ये तो वारला. त्याचा संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रजाने विकत घेतला आणि १७८८ मध्ये लंडनला लिनियन सोसायटी काढली. १८५८ मध्ये याच सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे लेख वाचले गेले, आणि प्राण्यांतली साम्यं एकाच पूर्वजाकडून आलेली असू शकतात या विचाराला वाट मिळाली. आता डीएनए जुळवून नाती ठरवतात. पुंकेसरांचे २४ वर्ग कधीच गेले. देवमासा मात्र सस्तनांतच आहे, पाणघोड्याचा जवळचा नातलग म्हणून.