पाळक बर्कली आणि द्राक्षवेलीवरील भुरी

रे. माइल्स जोसेफ बर्कली यांचा जन्म १ एप्रिल १८०३ रोजीं इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांत झाला. केंब्रिज येथें शिक्षण संपवून ते पाळक झाले, व १८३३ पासून किंग्ज क्लिफ गांवीं राहून त्यांनीं दोन खेड्यांतील मंडळ्यांची सेवा केली. उत्पन्न थोडें, मुलेंबाळें पुष्कळ. म्हणून विद्यार्थी ठेवून शिकवावें लागे. उरलेला वेळ ते सूक्ष्मदर्शक यंत्रापुढें बुरशी पाहण्यांत घालवीत. हा कसला छंद, असें आम्हांसही प्रथम वाटलें होतें.

१८४५ सालीं बटाट्यांवर करपा पडला. पानें काळीं पडलीं, कंद जमिनींतच सडले. आयर्लंडांतील गरिबांचें तेंच मुख्य अन्न. त्या दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं. रोगट पानांखालीं पांढरी बुरशी दिसे. परंतु प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडली यांच्यासह पुष्कळांचें मत असें कीं, अति ओलाव्यानें झाड आधीं कुजतें व बुरशी मागाहून येते. बर्कली यांनीं १८४६ सालीं उलट प्रतिपादन केलें: ओलावा साह्य करतो खरा, पण रोगाचें कारण बुरशीच. हा वाद नुसता शब्दांचा नव्हता. बुरशी मागाहून येत असेल तर शेतकऱ्यानें आभाळाकडे पाहत बसावें. तीच कारण असेल तर तिच्यावर उपाय शोधतां येतो. १८६१ सालीं जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनीं प्रयोगांनीं बर्कली यांचें म्हणणें सिद्ध केलें.

१८४५ सालींच मार्गेट येथील टकर नांवाच्या माळ्यास द्राक्षवेलींवर राखेसारखी भुकटी आढळली. १८४७ सालीं बर्कली यांनीं त्या बुरशीचें वर्णन करून तिला माळ्याचेंच नांव दिलें. (हें आम्हांस फार आवडलें.) आमच्या नाशिककडील बागाईतदार जिला भुरी म्हणतात तीच ही. पाऊस नसतांही ढगाळ हवेंत ती वाढते. कोवळे मणी पुढें तडकतात. तिचे धागे पानाच्या वरवरच पसरतात, म्हणून बोटानें पुसतां येतात व गंधकानें मरतात. टकरनें गंधक व चुना पाण्यांत कालवून वापरला. फ्रान्सांत भुरीनें १८५४ पर्यंत द्राक्षारसाचें उत्पन्न पार घटविलें. तें गंधकाच्या धुरळणीनें सावरलें. मात्र कडक उन्हांत गंधक धुरळल्यास पानें होरपळतात, हें विसरूं नये. बटाट्याची बुरशी पानाच्या आंत वाढते, तेथें गंधक काय करणार? तिच्यासाठीं मोरचूद व चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची वाट पाहावी लागली. तें १८८५ सालीं फ्रान्सांतून जाहीर झालें.

झाडांच्या रोगांवर बर्कली यांनीं १८५४ पासून गार्डनर्स क्रॉनिकल पत्रांत लेखमाला लिहिली. सिलोनांतील कॉफीच्या मळ्यांवर आलेल्या तांबेऱ्याच्या बुरशीस १८६९ सालीं नांव दिलें तेंही त्यांनींच, एका मित्राच्या साह्यानें. ते मळे मात्र वांचले नाहींत. तेथें पुढें चहा लागला.

१८६८ सालीं ते सिबर्टॉफ्ट येथें पाळक होऊन गेले. आयुष्यभर जमविलेला बुरशींचा संग्रह त्यांनीं १८७९ सालीं क्यू येथील वनस्पतिबागेस दिला. ३० जुलै १८८९ रोजीं सिबर्टॉफ्ट येथेंच ते वारले.