आधी फर्स्ट क्लास, मग फिजिक्स!

कॉन्व्हेंटच्या मुलीचं मराठी आहे, सांभाळून घ्या!

होमी भाभा १९०९ मध्ये मुंबईत जन्मले. घरच्यांच्या इच्छेने १९२७ मध्ये केंब्रिजला मेकॅनिकल शिकायला गेले. मन मात्र फिजिक्समध्ये. वडिलांनी अट घातली, आधी फर्स्ट क्लास काढ. १९३० मध्ये त्यांनी तो काढला, मग फिजिक्स धरलं.

जुळ्यांपैकी एक वेगवान रॉकेटने फिरून आला तर घरी राहिलेल्यापेक्षा तरुण असतो, हे मला थापच वाटायचं. पण १९३८ मध्ये भाभांनी मांडलं की आपोआप फुटणारा कण म्हणजे घड्याळच. धावताना तो जास्त टिकणार. १९७७ मध्ये सर्नमध्ये म्युऑन गोल फिरवले. एरवी सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगणारे ते कण सुमारे २९ पट जगले! सतत वळणारा म्युऑन म्हणजे रॉकेटवाला भाऊ. घरचा भाऊ वळतच नाही, म्हणून दोघं सारखे नाहीत.

१९४५ मध्ये भाभांनी टीआयएफआर उभारली. १९६६ मध्ये माँ ब्लांवर विमान कोसळून ते गेले.

भिवंडीत मागांच्या खडखडाटात सबमिशन लिहिताना वाटतं, मेकॅनिकल मलाही घरच्यांनीच घ्यायला लावलं. आधी फर्स्ट क्लास काढते, मग पप्पांशी बोलते!