चाबूकस्वार विष्णुपंत छत्रे

यात्रांचा हंगाम सुरू झाला की आपल्या आंबेगाव-जुन्नर भागातील बैलगाड्यांचे घाट गजबजून जातात. गाड्यापुढे धावणारी घोडी म्हणजे त्या घाटाची शोभा. गेल्या हंगामात मंचरजवळच्या एका यात्रेत अशीच एक घोडी घसरून पडली. गुडघा फुटून रक्त वाहू लागले. चहूबाजूंनी माणसे धावली. कोणी लगाम ओढला, कोणी ओरडले. ती बिचारी अधिकच बिथरून लाथा झाडू लागली. पशुवैद्य आले, परंतु त्यांना जवळ जाता येईना. अखेर एका म्हाताऱ्या मोतद्दाराने गर्दी मागे सारली, भोंगा बंद करायला लावला आणि हळू आवाजात बोलत तो तिच्या खांद्याच्या बाजूने पुढे गेला. मानेवर हात ठेवून बराच वेळ नुसता उभा राहिला. घोडीने मान खाली घातली, तेव्हा कोठे जखम धुता आली व धनुर्वाताची सुई देता आली. ते पाहताना मला विष्णुपंत छत्रे यांच्या चरित्राची आठवण झाली.

भारतीय सर्कशीचे जनक म्हणून विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांना सारे ओळखतात. परंतु ते मूळचे चाबूकस्वार, म्हणजे घोडे तयार करणारे. सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठचे अंकलखोप हे त्यांचे गाव. तरुणपणी गाण्याच्या ओढीने ते ग्वाल्हेरला गेले. तेथे हद्दूखाँसाहेबांकडे त्यांनी गायनाचे आणि बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्येचे धडे घेतले. एक विद्या कानाची, दुसरी हाताची. दोन्हींना धीर लागतो. पुढे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी त्यांनी अश्वशिक्षकाचे काम केले.

हे काम नुसते चाबूक उडवण्याचे नव्हे. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असल्याने कपाळासमोरचे अगदी जवळचे व शेपटीमागचे त्याला दिसत नाही. तेथून कोणी एकाएकी आले की तो दचकतो. जखमी घोड्याला तर पळताही येत नाही, म्हणून त्याची भीती दुप्पट होते. कान मागे पडले आहेत की पुढे वळले आहेत, नाकपुड्या फुगल्या आहेत की सैल झाल्या आहेत, हे ज्याला वाचता येते त्यालाच घोडा जवळ येऊ देतो. जबरदस्तीने धरलेला घोडा त्या दिवसापुरता उभा राहील, पण माणसाचा हात म्हणजे वेदना, एवढेच तो लक्षात ठेवील.

१८७९ साली कियारिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत आली होती. असे खेळ करणे हिंदी लोकांना इतक्यात जमणार नाही, या त्याच्या बोलण्याने विष्णुपंत डिवचले गेले, असे सांगतात. त्यांनी वाद घातला नाही. घोडे तयार केले. १८८० मध्ये त्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. पत्नी आवडाबाईही रिंगणात उतरल्या. त्या काळी एका ब्राह्मण घरातील स्त्रीने असे करणे ही केवढी धिटाई! पुढे ही सर्कस फिरत फिरत केरळातील तलशेरीला गेली. तेथील कीलेरी कुन्हिकण्णन यांनी सर्कशीसाठी कसरतपटू तयार करण्याचे काम अंगावर घेतले आणि केरळच्या सर्कस परंपरेचा पाया घातला गेला.

विष्णुपंतांच्या चरित्रातील सर्वांत हृद्य भाग मात्र रिंगणाबाहेरचा आहे. त्यांचे गुरू हद्दूखाँ यांचे चिरंजीव रहिमतखाँ अलौकिक गळ्याचे गायक होते. पण अफूच्या व्यसनाने आणि मनाच्या विकलतेने ते दैन्यावस्थेत भटकत होते. काशीमध्ये ते विष्णुपंतांना भेटले. विष्णुपंतांनी गुरुपुत्राला ओळखले आणि सर्कशीबरोबर ठेवून घेतले. त्यांचे खाणेपिणे, त्यांच्या लहरी, सारे सांभाळले. अशा माणसाला बळजबरीने गायला बसवता येत नाही, त्याचे मन वळेपर्यंत थांबावे लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णुपंत निवर्तले. त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांचा सांभाळ पुढे चालू ठेवला. १९२२ मध्ये रहिमतखाँ कुरुंदवाड येथेच पैगंबरवासी झाले.

बिथरलेला घोडा काय आणि विस्कटलेला गायक काय, दोघांनाही आधी आपल्यापासून भय नाही हे पटावे लागते. उपचार त्यानंतरचा. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतीसंबंधीचा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. शर्यती राहिल्या, तशी मुक्या जनावरांची जबाबदारीही राहिली. यापुढे घाटात एखादी घोडी पडली तर आपण धावत न सुटता चार पावले मागे सरावे, आवाज बंद करावा आणि जाणत्या माणसाला वाट द्यावी. विष्णुपंतांचे स्मरण करण्याचा आपल्या भागापुरता याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.