अजिंठ्याची नक्कल करून शिकलेला चित्रकार

मित्रहो, दहावीची आपली अजिंठ्याची सहल आठवते ना? पवनीहून एस.टी.त अख्खी रात्र काढली होती. सोळाव्या लेण्यात पोहोचेस्तोवर निम्मे वर्गमित्र पेंगत होते. भिंतीवर मान टाकून बसलेली एक स्त्री अंधुक दिसली. गाइडने तिला मरणासन्न राजकन्या म्हटले. परतल्यावर ड्रॉइंगच्या सरांनी आम्हा काही जणांना पुस्तकातले तेच चित्र चौकोन पाडून उतरवायला लावले. नक्कल कसली करायची, म्हणून मी कुरकुरलो होतो. सरांना जे सांगायचे होते ते मला फार उशिरा कळले, पेस्तनजी बोमनजी यांची हकिगत वाचताना.

पेस्तनजींचा जन्म १८५१चा, पारशी कुटुंबातला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते गेले ते शिल्पकार व्हायला. लॉकवुड किपलिंग तिथे शिल्प शिकवीत, तर चित्रकला जॉन ग्रिफिथ्स. पुढे पेस्तनजी ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली आले आणि छिन्नीऐवजी ब्रश हाती आला.

त्या काळी युरोपात तैलरंग शिकण्याचा रस्ता ठरलेला होता. जेरिको आणि देलाक्रवा यांच्यासारखे वादळी, नाट्यमय चित्रे काढणारेसुद्धा तरुणपणी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात रूबेन्सच्या चित्रांच्या नकला करीत शिकले. मुंबईच्या पोराने लूव्र कुठून आणायचे? ते सापडले अजिंठ्यात.

अजिंठ्याच्या नकला आधीही झाल्या होत्या. रॉबर्ट गिल यांनी १८४४पासून कितीतरी वर्षे खपून केलेल्या तैलरंगी प्रतींपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. म्हणून १८७२पासून ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन लेण्यांत जाऊ लागले. हे काम १८८५पर्यंत चालले. पेस्तनजी त्या विद्यार्थ्यांतले आघाडीचे.

जरा कल्पना करा. आत अंधार, भिंतीचा गिलावा जागोजागी पडलेला, आणि समोर दीड हजार वर्षांपूर्वीच्या कलावंताची रेषा. ती कॅनव्हासवर तेलात उतरवायची. सोळाव्या लेण्यातली ती स्त्री खरे तर मरत नाही. नवरा नंद भिक्षू झाल्याची खूण म्हणून त्याचा मुकुट समोर आला आणि ती सुंदरी कोसळली, असा अर्थ आता अभ्यासक लावतात. ग्रिफिथ्स त्या दृश्यातल्या करुणेवर बेहद्द खूश होते. झुकलेली मान, गळून पडलेला हात, तोल सावरणारी दासी: हे नुसते पाहून समजत नाही, हाताने गिरवावे लागते.

या कामाला एक काळी बाजू आहे, ती लपवू नये. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश फासले गेले. पुढे ते काळवंडले, त्याला तडे गेले, रंगांचे नुकसान झाले. ज्यांनी या चित्रांवर जीव लावला त्यांच्याच कामातून चित्रांना इजा झाली.

आणि नशीब बघा, लंडनला पाठवलेल्या या प्रतींपैकीही अनेक १८८५च्या आगीत गेल्या. उरलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरचे दोन खंडांचे पुस्तक १८९६-९७मध्ये निघाले.

पेस्तनजींना दिल्ली दरबाराच्या चित्रासाठी भारतात आलेल्या व्हॅलेंटाइन प्रिन्सेप यांच्याकडूनही शिकायला मिळाले. पण त्यांनी नाव कमावले ते ना अजिंठ्याच्या राण्यांवर, ना दरबारी थाटावर. त्यांनी आपल्याच समाजातले वृद्ध, धर्मगुरू, घरातल्या बायका रंगवल्या. पोपटाला खाऊ घालण्याचे त्यांचे १८८२चे चित्र प्रसिद्ध आहे. घरातला मंद उजेड आणि आपल्यात हरवलेली माणसे त्यांना जशी जमली तशी त्या काळी फार थोड्यांना जमली. तो अंधारातला उजेड ते लेण्यांत शिकले असावेत, असे आपले मला वाटते.

१९३८ साली ते वारले.

माझी ती चौकोनांची वही अजून घरी आहे. दासीचा हात त्यात साफ चुकलेला आहे. संमेलनाला येताना घेऊन येतो.