शितावरून भाताची परीक्षा

चुलीवर भाताचे पातेले रटरटत असते. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी आई पळीने तो वरखाली हलवते, दोन शिते काढते आणि बोटांनी चेपून पाहते. तेवढ्यावरून तिला साऱ्या पातेल्याची पारख होते. सारा भात चाखूनच पाहायचा म्हटले, तर पानात वाढायला काय उरणार? शितावरून भाताची परीक्षा ही म्हण याच रोजच्या अनुभवातून आपल्या भाषेत आली आहे. परंतु एखाद्या प्रांतातील कोट्यवधी शेतांत पीक किती आले, देशातील लोक काय खातात, कसे राहतात, हेही अशाच मोजक्या शितांवरून सांगता येईल काय? ते येते, हे ज्यांनी आपल्या देशात प्रत्यक्ष करून दाखविले, ते थोर शास्त्रज्ञ म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस होत.

प्रशांतचंद्रांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कलकत्ता शहरी झाला. त्यांचे आजोबा गुरुचरण हे ब्राह्मो समाजाचे निष्ठावंत अनुयायी होते. विधवाविवाह हे पाप मानले जाण्याच्या त्या काळी त्यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला होता. रूढी आहे म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नये, ती पारखून घ्यावी, ही शिकवण प्रशांतचंद्रांना अशा घरातच मिळाली. शालेय शिक्षण संपवून ते प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गेले. तेथे जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. १९१२ साली पदार्थविज्ञान घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढील वर्षी उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले.

लंडनमध्ये शिकावे असा त्यांचा विचार होता. एके दिवशी ते सहज केंब्रिज पाहावयास गेले. तेथील किंग्ज कॉलेजचे भव्य प्रार्थनामंदिर पाहून ते भारावून गेले. परतीची गाडी चुकली, म्हणून मुक्काम एका मित्राकडे करावा लागला. मित्राने सुचविले, की हे स्थान इतके आवडले आहे तर येथेच का शिकू नये? दुसऱ्या दिवशी प्रशांतचंद्रांनी विचारणा केली आणि त्यांना प्रवेशही मिळाला. १९१५ साली ते पदार्थविज्ञानाची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

यानंतर थोड्या दिवसांसाठी ते मायदेशी येण्यास निघाले. पण पहिले महायुद्ध चालू असल्याने जहाज सुटण्यास विलंब होता. वेळ घालविण्यासाठी ते कॉलेजच्या ग्रंथालयात बसत. तेथे त्यांचे एक अध्यापक मॅकॉले यांनी 'बायोमेट्रिका' नावाच्या नियतकालिकाकडे त्यांचे लक्ष वेधले. सजीवांची मापे घेऊन त्यांवरून निष्कर्ष कसे काढावेत, याची चर्चा त्यात असे. प्रशांतचंद्रांना त्याची इतकी गोडी लागली, की त्यांनी त्याचे खंडच विकत घेतले आणि बोटीवरच्या प्रवासात ते वाचून काढले. बोट मायदेशाच्या दिशेने पाणी कापीत होती आणि या तरुणाच्या जीवनाचे तारू नव्या दिशेला वळत होते.

असे काय होते त्या विद्येत? एक साधे उदाहरण घेऊ. एका वर्गातील पाच मुलांना गणितात ४८, ४९, ५०, ५१ आणि ५२ गुण मिळाले. दुसऱ्या वर्गातील पाच मुलांना १०, ३०, ५०, ७० आणि ९० गुण मिळाले. दोन्ही वर्गांची बेरीज २५० आणि सरासरी ५० येते. केवळ सरासरी पाहणारा म्हणेल, की दोन्ही वर्ग सारखेच. पण पहिल्या वर्गातील मुले जवळजवळ एका पातळीवर आहेत, तर दुसऱ्यात कोणी फार पुढे व कोणी फार मागे आहे. म्हणजे सरासरीबरोबरच संख्यांचा पसारा किती आहे, हेही पाहिले पाहिजे. संख्या कशा गोळा कराव्यात, त्यांची मांडणी कशी करावी आणि त्यांतून काय सांगता येते व काय सांगता येत नाही, हे शिकविणारी विद्या म्हणजे संख्याशास्त्र होय.

कलकत्त्यास येताच प्रशांतचंद्र प्रेसिडेन्सी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागले. केंब्रिजला परत जाण्याचा बेत मागे पडला. फावल्या वेळी ते संख्याशास्त्राचा अभ्यास करीत. आचार्य ब्रजेंद्रनाथ सील यांनी विद्यापीठाच्या परीक्षांचे निकाल त्यांच्याकडे तपासण्यास दिले. १९२० साली नागपूर येथे भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले. तेथे प्राणिशास्त्रज्ञ अॅनन्डेल यांच्याशी त्यांची गाठ पडली. अॅनन्डेल यांच्यापाशी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापे जमलेली होती, ती त्यांनी प्रशांतचंद्रांच्या स्वाधीन केली. दोन जनसमूहांत खरोखर किती अंतर आहे हे अनेक मापे एकत्र विचारात घेऊन कसे ठरवावे, या प्रश्नाचा मागोवा येथून सुरू झाला. पुढे त्यांनी शोधलेले माप आज जगभर 'महालनोबिस अंतर' या नावाने ओळखले जाते.

ही विद्या लोकांच्या सुखदुःखाशी किती निगडित आहे, हे लवकरच दिसून आले. १९२२ साली उत्तर बंगालमध्ये मोठा पूर आला. पाणी अडविण्यासाठी प्रचंड खर्चाची बांधकामे करावीत, असे तज्ज्ञांनी सुचविले. प्रशांतचंद्रांनी सुमारे पन्नास वर्षांच्या पावसाच्या व पुरांच्या नोंदी तपासल्या आणि त्या बांधकामांचा उपयोग होणार नाही, पाण्याचा निचरा सुधारणे हाच खरा उपाय आहे, असे दाखवून दिले. १९२६ साली ओरिसात पूर आला. नदीचे पात्र उंच झाले आहे, म्हणून बांध वाढवावेत, असे अभियंत्यांचे मत होते. साठ वर्षांच्या नोंदी पाहून प्रशांतचंद्रांनी सांगितले, की पात्र उंच झालेलेच नाही. नदीच्या वरच्या भागात धरणे बांधावीत. निदान चुकले की औषध चुकते. नोंदी नीट वाचल्या, तर निदान चुकण्याची भीती कमी होते.

महाविद्यालयातील आपल्या एका खोलीतच प्रशांतचंद्रांनी हे काम चालविले होते. १७ डिसेंबर १९३१ रोजी भारतीय संख्याशास्त्र संस्थेची स्थापना करण्याचे ठरले. आरंभी संस्थेचा वर्षाचा खर्च अडीचशे रुपयांच्या आतच होता. १९३३ साली संस्थेचे नियतकालिक निघू लागले. त्याला त्यांनी 'संख्या' हे आपल्या भाषांतील जुने नाव दिले. रोप लहान होते, परंतु माळी जिद्दीचा होता.

आता आपण पुन्हा शितांकडे वळू. बंगालमध्ये ताग हे मोठे नगदी पीक. किती जमिनीत ताग लावला आहे हे वेळेवर कळले नाही, तर व्यापारी, कारखानदार व शेतकरी सर्वांचीच अडचण होई. पण प्रत्येक शेत पाहावयाचे तर हजारो माणसे लागणार, खर्च अफाट होणार आणि आकडे हाती येईपर्यंत हंगाम उलटून जाणार. १९३७ साली प्रशांतचंद्रांनी थोडीच शेते पाहून साऱ्या पिकाचा अंदाज बांधण्याचे काम हाती घेतले.

येथे एक अडचण होती. पातेल्यातील भात पळीने हलविता येतो, म्हणून कोठलेही शीत साऱ्या भाताच्या वतीने बोलते. पण शेते काही ढवळता येत नाहीत! शिवाय कोणती शेते पाहावयाची हे माणसावर सोपविले, तर तो सडकेजवळची किंवा डोळ्यांत भरणारी शेतेच निवडील. मग उत्तर चुकणारच. यावर उपाय म्हणजे निवड दैवावर सोपविणे. डोळे मिटून चिठ्ठी काढावी, तशा रीतीने नकाशावरील जागा ठरवावयाच्या. तेथे चिखल असो वा काटे, पाहणी करणाऱ्याने तेथेच गेले पाहिजे. अशा निवडीत प्रत्येक शेताला निवडले जाण्याची संधी मिळते, कोणाचीही आवडनिवड आड येत नाही. चिठ्ठी काढणे हेच शेतांचे ढवळणे होय.

पण दैवाचा भरवसा काय, असे तुम्ही विचाराल. एक नाणे घ्या आणि दहा वेळा उडवा. छाप कदाचित सात वेळा पडेल, कदाचित तीन वेळाच. परंतु तेच नाणे हजार वेळा उडविले, तर छापांचे प्रमाण निम्म्याच्या अगदी जवळ येते. एकेका फेकीचे भाकीत करता येत नाही, पण पुष्कळ फेकींचे बव्हंशी करता येते. नमुना पुरेसा मोठा असला, तर त्यावरचे उत्तर खऱ्यापासून फार दूर जाण्याचा संभव थोडा असतो आणि तो किती थोडा, हेही गणिताने सांगता येते. आणखी एक नवल असे, की घरच्या पातेल्याला जितकी शिते तपासावी लागतात, जवळजवळ तितकीच लग्नाच्या हंड्यालाही पुरतात.

तरीही पुष्कळांना हे पटेना. सगळे न मोजता सगळ्यांविषयी बोलणे त्यांना धाडसाचे वाटे. प्रशांतचंद्र रागावून थांबले नाहीत. त्यांनी आपल्याच कामाची परीक्षा अधिक कडक केली. एकाच प्रदेशात ते दोन स्वतंत्र नमुने निवडीत आणि दोन निरनिराळ्या तुकड्यांकडून त्यांची पाहणी करवीत. दोघांची उत्तरे जुळली तर विश्वास वाढे. फार वेगळी आली तर कोठे तरी चूक आहे, हे उघड होई. या तपासण्यांतून त्यांना आपल्या पद्धतीतील दोषही आढळले. पीक कापून तोलण्यासाठी फार लहान तुकडा आखला, तर कडेवरची रोपेही आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते. तुकडा केवढा असावा यावर सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुपुत्र, विख्यात संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. मोठे तुकडेच घ्यावेत, असा सुखात्मे यांचा आग्रह होता. दोघेही आपले म्हणणे आकड्यांनिशी मांडीत. अशा वादांतून ज्ञानाची हानी होत नाही, ते घासूनपुसून निघते.

१९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. पुढे प्रशांतचंद्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी नमुना पाहणी केली. किती कुटुंबांच्या जमिनी गेल्या, किती निराधार झाली, हे त्यांनी नोंदविले. कागदावर तो एक आकडा असतो, पण त्या आकड्यामागे एखादी चूल विझलेली असते. म्हणून आकडा खरा असला पाहिजे.

१९४७ साली दिल्लीत दंगली उसळल्या, तेव्हा हजारो भयभीत लोकांनी लाल किल्ल्यात आश्रय घेतला. त्यांच्या शिध्याची बिले ठेकेदार पाठवीत. बिले फुगत चालली, पण आत माणसे नेमकी किती आहेत हे मोजण्याची सोय नव्हती. तेव्हा संख्याशास्त्रज्ञांना विचारण्यात आले. प्रशांतचंद्रांच्या संस्थेशी निगडित असलेल्या एका शास्त्रज्ञाने तांदूळ, डाळ व मीठ यांचे आकडे घेतले आणि एका माणसाला किती लागते या हिशेबाने प्रत्येकावरून माणसांची संख्या काढली. तांदळावरून ती सर्वांत मोठी आली आणि मिठावरून सर्वांत लहान. तांदूळ महाग, त्यामुळे तो वाढवून लिहिण्यात लाभ. मीठ स्वस्त, ते वाढवून फायदा तो काय? म्हणून मिठाचे उत्तर खरे मानण्यात आले. आकड्यांना नुसती बेरीज पुरत नाही, मनुष्यस्वभावाची जाणही लागते.

स्वातंत्र्यानंतर देशाला आपल्या स्थितीचे खरे चित्र हवे होते. १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमण्यात आली. प्रशांतचंद्र तिचे अध्यक्ष झाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. देशातील साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांतून पहिल्या फेरीसाठी १,८३३ खेडी निवडण्यात आली. भाषा निरनिराळ्या, वजनेमापे निरनिराळी, वाटा अवघड. तरीही कार्यकर्ते घरोघर जाऊन माहिती लिहून घेत. ते काम आजही चालू आहे. पुढे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडाही प्रशांतचंद्रांनी तयार केला. अवजड उद्योगांवर दिलेल्या भरामुळे त्यावर टीकाही झाली. १९६८ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. २८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. २००७ सालापासून २९ जून हा दिवस देशभर सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

आपणही रोज कितीतरी ठोकताळे बांधतो. दोन माणसे वाईट वागली, की सारे गाव वाईट ठरवितो. एका परीक्षेवरून एखाद्या मुलाला हुशार वा मंद म्हणतो. असे बोलण्यापूर्वी थांबून स्वतःला विचारावे: मी पाहिलेली शिते किती होती? ती कोणी निवडली? भात नीट हलविला होता काय? एवढे विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याने प्रशांतचंद्रांच्या विद्येचा पहिला धडा गिरविला असे समजावे.