टँजियर सोडून निघालेला मुलगा

आफ्रिका खंडाच्या वायव्य टोकावर, मोरोक्कोच्या किनाऱ्याला टँजियर नावाचे गाव आहे. एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला भूमध्य समुद्र आणि समोर जिब्राल्टरची चिंचोळी सामुद्रधुनी. आकाश निरभ्र असले की पलीकडचा स्पेनचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. टेकडीवर चढत गेलेली जुनी वस्ती, खाली बंदर आणि बंदराला लागून वाळूचा लांबच लांब पट्टा. आज जगभरचे प्रवासी या गावात येतात. पण या गावाचे नाव ज्याने जगभर नेले, तो प्रवासी इथून बाहेर पडला होता. तारीख होती १४ जून १३२५. तो एकवीस वर्षांचा होता आणि एकटा होता.

इब्न बतूता हे नाव आपल्याला शाळेतल्या इतिहासात भेटलेले असते. महंमद तुघलकाच्या धड्यात एखाद-दुसऱ्या ओळीत तो येतो आणि जातो. त्याचा जन्म फेब्रुवारी १३०४ मधला. घराण्यात काझीपद चालत आलेले, मुलगाही धर्मशास्त्र शिकलेला. गावातच न्यायाधीशाचे पद, लग्न, मुलेबाळे असे आयुष्य त्याच्यासमोर जणू आखून ठेवलेले होते. त्याला मात्र हजला जायचे होते. आई-वडील दोघेही हयात. सोबतीला ना मित्र, ना काफिला. त्यांचा निरोप घेणे आपल्याला किती जड गेले, हे त्याने तीस वर्षांनी, उभे जग पाहून झाल्यावरही सांगितले आहे.

आपल्याकडेही पूर्वी काशीयात्रेला निघालेला माणूस परत येईलच अशी खात्री नसे. वेशीपर्यंत पोचवायला आलेली मंडळी डोळे पुसतच मागे फिरत. टँजियरच्या त्या घरात वेगळे काय घडले असेल?

सुरुवातीची वाट सोपी नव्हती. बिजायाजवळ त्याला सडकून ताप भरला. थांबण्याचा सल्ला त्याने मानला नाही. खोगिरावरून पडू नये म्हणून पागोट्याच्या कापडाने स्वतःला बांधून घेतले आणि तो पुढे निघाला. ट्यूनिसला पोचल्यावर गावकरी काफिल्याच्या स्वागताला आले. वाटेत सोबत झालेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी भेटले, विचारपूस झाली. याच्याकडे कुणी वळलेदेखील नाही. त्या अनोळखी गर्दीत या तरुणाला रडू कोसळले. एका यात्रेकरूने ते पाहिले आणि जवळ येऊन त्याची समजूत घातली. पुढे राजदरबारांतून मिरवलेल्या या माणसाने ही आठवण लपवली नाही, हे विशेष.

ट्यूनिसहून निघताना मात्र हजच्या काफिल्याने त्याला आपला काझी नेमले. वाटेत त्याचे लग्न झाले, सासऱ्याशी बिनसले, ते लग्न मोडले आणि लगेच दुसरे झाले. १३२६ मध्ये तो मक्केला पोचला. ज्यासाठी घर सोडले ते काम पुरे झाले होते. आता घरी परतायचे. पण पायाला भिंगरी लागली होती. इराक, इराण, येमेन, पूर्व आफ्रिकेचा किनारा, तुर्कस्तान, क्रिमिया, कॉन्स्टँटिनोपल... शक्यतो एकदा तुडवलेली वाट पुन्हा धरायची नाही, हा त्याचा नेम होता. सप्टेंबर १३३३ मध्ये तो सिंधू नदीच्या काठी येऊन ठेपला.

एकटा माणूस एवढा कसा फिरला? काशीत शिकलेल्या पढिक शास्त्र्याला जसे कुठल्याही संस्थानात बिऱ्हाड आणि दक्षिणा मिळे, तसेच हे होते. अरबी भाषा आणि इस्लामी कायदा येणाऱ्या माणसाला त्या काळी मोरोक्कोपासून चीनच्या बंदरांपर्यंत कुठे तरी मदरसा, कुठे खानकाह, कुठे एखाद्या व्यापाऱ्याची ओसरी मिळत असे. त्याची शिदोरी डोक्यात होती.

दिल्लीत महंमद तुघलकाने त्याला काझी केले. वर्षाला १२ हजार दिनार पगार. तरी खर्च असा अफाट, की कर्ज ५५ हजारांवर गेले आणि ते शेवटी सुलतानानेच फेडले. पण हाच सुलतान कधी कुणाचे डोके उडवील याचा नेम नव्हता. त्याच्या मर्जीतून उतरलेल्या एका शेखला इब्न बतूता भेटून आला होता. शेखचा छळ करून शिरच्छेद झाला आणि याच्या दाराशी पहारा बसला. उपासतापास, प्रार्थना यांत त्याने ते दिवस काढले. जीव वाचल्यावर होते नव्हते ते वाटून टाकून तो फकीर झाला. तेवढ्यात सुलतानाचे पुन्हा बोलावणे आले. या वेळी चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून जायचे होते.

या वाटेवर तो महाराष्ट्रात आला. दौलताबादचा किल्ला त्याने पाहिला. तिथल्या अंधारकोठडीत मांजरांपेक्षा मोठे उंदीर असल्याची हकिगत त्याने तिथे कैदेत राहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून ऐकली. द्राक्षे आणि डाळिंबे इथे वर्षातून दोनदा येतात, हे त्याने आवर्जून नोंदवले. नंदुरबारला त्याला मराठे भेटले. त्यांच्यातले वैद्य, ज्योतिषी आणि कसबी कारागीर त्याला आवडले. ते भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल खातात, आंघोळ केल्याशिवाय जेवत नाहीत, मद्य पीत नाहीत, सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात सोयरीक करत नाहीत, असे त्याने सांगून ठेवले आहे. आपल्या पणज्यांच्या स्वयंपाकघरातले सोवळे सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी एका मोरोक्कन माणसाच्या नजरेत भरले होते!

पुढे खंबायतच्या आखातातून जहाजे कालिकतला लागली. चीनला नेण्याचे नजराणे मोठ्या जहाजावर चढले. शुक्रवारच्या नमाजासाठी इब्न बतूता किनाऱ्यावर थांबला आणि वादळ झाले. नजराण्यांचे जहाज फुटले. त्याचे सामान आणि माणसे असलेले दुसरे जहाज शिडे उभारून निघून गेले. किनाऱ्यावर तो उरला, जवळ दहा दिनार आणि झोपायचे अंथरूण. निघून गेलेल्या जहाजात त्याच्यापासून गरोदर असलेली एक दासी होती. ती वारल्याचे त्याला पुढे कळले.

हे वाचताना आपण अडखळतो. या प्रवासाचा हिशेब मांडायचा तर मागे राहिलेल्यांचाही मांडावा लागतो. बायका आणि दासी ठिकठिकाणी मागे राहिल्या. दिल्लीत त्याची तान्ही मुलगी गेली. मालदीवमध्ये तो काझी होता, तिथे त्याला मुलगा झाला. दोन वर्षांच्या त्या मुलाला पाहायला तो मुद्दाम बेटांवर परत गेला आणि त्याला आईजवळच ठेवून पुढे निघून गेला. दमास्कसमध्ये १३२६ साली तो गरोदर बायकोला सोडून गेला होता. मुलगा झाल्याचे हिंदुस्थानात कळल्यावर त्याने मुलाच्या आजोबांकडे पैसे पाठवले होते. १३४८ मध्ये तो पुन्हा दमास्कसला आला आणि त्याने मुलाची चौकशी केली. मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारला होता.

त्याच गावात टँजियरचा एक माणूस भेटला. त्याच्याकडून कळले, की वडील जाऊन पंधरा वर्षे झाली. आई मात्र आहे.

त्या वर्षी प्लेगने सगळ्या भूमध्य प्रदेशाला घेरले होते. दमास्कसमध्ये रोज शेकड्यांनी माणसे मरत होती. त्या साथीतून वाट काढत, आणखी एक हज करून, तो मोरोक्कोकडे वळला. आता घर जवळ आले होते. ताझा गावी पोचला तेव्हा बातमी आली, की आई प्लेगने गेली. नोव्हेंबर १३४९ मध्ये तो फेझच्या दरबारात हजर झाला. मग टँजियरला गेला, तो आईच्या कबरीपाशी. चोवीस वर्षे होऊन गेली होती.

आणि तरीही तो घरी बसला नाही. पुढच्याच वर्षी ग्रॅनाडा, १३५२ मध्ये सहारा ओलांडून माली. मोरोक्कोच्या सुलतानाचा हुकूम आला तेव्हा कुठे तो थांबला. सुलतानाच्याच आज्ञेवरून त्याने सगळी हकिगत सांगितली आणि इब्न जुझय्य या लेखकाने ती लिहून काढली. डिसेंबर १३५५ मध्ये ग्रंथ पुरा झाला. तो रिहला या नावाने ओळखला जातो. काही प्रसंग त्याने ऐकीव माहितीवर रचले असावेत, विशेषतः चीनचा भाग, असे अभ्यासकांना वाटते. पण चौदाव्या शतकातले मालदीव, माली किंवा पूर्व आफ्रिका समजून घ्यायची तर आजही त्याच्या दाराशी जावे लागते. एकूण प्रवास १ लाख किलोमीटरच्या वर भरतो. ही सगळी दौलत आपल्याला मिळाली, तिची किंमत टँजियरच्या त्या दोन म्हाताऱ्या माणसांनीही मोजली होती.

उरलेले आयुष्य त्याने मोरोक्कोतच काझी म्हणून काढले. १३६८-६९ च्या सुमारास तो वारला. टँजियरच्या जुन्या वस्तीत एका बोळात त्याची म्हणून एक छोटी कबर दाखवतात. ती खरोखर त्याचीच, याची खात्री कोणी देत नाही. गावाबाहेरच्या विमानतळाला मात्र त्याचे नाव दिलेले आहे. परदेशी निघालेल्या मुलांना पोचवायला घरची माणसे तिथे येतात, आणि विमान उडेपर्यंत थांबतात.