खचदरीचे अभ्यासक : जॉन वॉल्टर ग्रेगरी

लंडन शहरातील लोकरीच्या बाजारात पंधरा वर्षांचा एक मुलगा कारकुनी करू लागला. दिवसा लोकरीच्या व्यवहारात राबावे आणि संध्याकाळी बर्कबेक संस्थेच्या वर्गाची वाट धरावी, असा त्याचा क्रम होता. हाच मुलगा पुढे नामांकित भूशास्त्रज्ञ झाला आणि आफ्रिकेतील एका प्रचंड दरीला त्याचे नाव मिळाले. तो मुलगा म्हणजे जॉन वॉल्टर ग्रेगरी.

ग्रेगरी यांचा जन्म २७ जानेवारी १८६४ रोजी लंडन येथे झाला. वडील लोकरीचे व्यापारी होते. परंतु मुलाचे मन दगडांत आणि जीवाश्मांत रमे. १८८७ साली त्यांना ब्रिटिश संग्रहालयाच्या भूशास्त्र विभागात नोकरी मिळाली. ती सांभाळूनच १८९१ साली त्यांनी विद्यापीठाची पदवी मिळविली.

त्याच वर्षी एडुआर्ट स्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने प्रवाशांच्या वृत्तांतांवरून पूर्व आफ्रिकेतील लांबच लांब दऱ्यांविषयी एक विचार मांडला होता. या दऱ्या नद्यांनी कोरलेल्या नसून जमीन खचून झाल्या आहेत, असे त्यांचे मत होते. ते प्रत्यक्ष पाहून पडताळण्याची उत्कंठा ग्रेगरींना लागली.

१८९२ साली ते एका मोठ्या मोहिमेबरोबर आफ्रिकेस निघाले. पण ती मोहीम मध्येच मोडली. आता परत फिरावे की पुढे जावे? ग्रेगरींनी पुढे जाण्याचे ठरविले. १८९३ साली सुमारे ४० आफ्रिकी सोबत्यांसह त्यांनी मोंबासा सोडले. या सोबत्यांच्या कष्टांवाचून तो प्रवास घडलाच नसता. पाच महिने ते रानावनांतून हिंडले, केनिया पर्वताच्या हिमनद्यांपर्यंत चढले आणि बॅरिंगो सरोवराचा परिसरही त्यांनी पाहिला. दरीच्या उभ्या कड्यांतील थर आणि तळाशी असलेले थर त्यांनी ताडून पाहिले. दोन समांतर प्रस्तरभंगांमधील भूभाग खाली खचला व त्यामुळे ही दरी झाली, असे त्यांनी दाखवून दिले. १८९६ साली त्यांनी या प्रवासावर ग्रंथ लिहिला. अशा दरीस त्यांनी दिलेले इंग्रजी नाव जगभर रूढ झाले. मराठीत तिला आपण खचदरी म्हणतो.

दरी कशी झाली, हे ग्रेगरींनी सांगितले. ती नेमकी याच वाटेने का गेली, याचा उलगडा पुढील पिढ्यांनी केला. लाकडाचा ओंडका फोडताना तो आपल्या रेषेनेच चिरतो. सांधलेली भिंत हादरली, तर बहुधा जुन्या सांध्यावरच पुन्हा तडकते. भूकवचाचेही तसेच आहे. टांझानियाच्या मध्यभागी २५० कोटी वर्षांहून जुना, अतिशय कठीण असा भूखंड आहे. त्याच्या पूर्वेस सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वी भूखंडांच्या टकरीत चिरडलेल्या व दुमडलेल्या खडकांचा पट्टा आहे. जमीन ताणली जाऊ लागली, तेव्हा कठीण भूखंड अभंग राहिला. तडे त्याला वळसा घालून दोन्ही बाजूंच्या दुबळ्या पट्ट्यांतून गेले. म्हणून खचदरीला पूर्व व पश्चिम अशा दोन शाखा आहेत. पूर्वेकडील शाखेचा केनियातील भाग आज ग्रेगरी खचदरी म्हणून ओळखला जातो.

ग्रेगरी पुढे मेलबर्न येथे आणि १९०४ ते १९२९ या काळात ग्लासगो येथे प्राध्यापक होते. भारताशीही त्यांचा संबंध आला. १९१७ साली नेमलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे ते सभासद होते. कच्छमधील प्राचीन प्रवाळांचे वर्णनही त्यांनी १९०० साली प्रसिद्ध केले. कच्छचा प्रदेशही असाच खचलेला असून तेथील प्रस्तरभंग अरवलीच्या जुन्या घड्यांच्या रेषांना अनुसरतात.

१९१९ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आपलीच जुनी निरीक्षणे तपासण्यासाठी ते पुन्हा पूर्व आफ्रिकेत गेले. निवृत्तीनंतरही त्यांनी विश्रांती घेतली नाही. अँडीज पर्वताच्या अभ्यासासाठी ते पेरू देशात गेले असता २ जून १९३२ रोजी उरुबांबा नदीत त्यांची होडी उलटली आणि त्यांना जलसमाधी मिळाली.

ऐकीव गोष्टीवर विसंबून न राहता स्वतः जाऊन पाहावे, आणि स्वतः पाहिलेलेही पुन्हा तपासावे, हे व्रत या अभ्यासकाने अखेरपर्यंत पाळले.